‘लई उशिरा आणलं’ : उशीर कोणी केला?



जळकोटच्या डोंगरातली वाडी असो, लमाणांचा तांडा असो, की किनवट-माहूरच्या जंगलातला गुडा असो. किडनीचा पेशंट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचला की डॉक्टरच्या तोंडचं वाक्य ठरलेलं असतं : ‘लई उशिरा आणलं.’ नातेवाईक मान खाली घालतात. आपलंच चुकलं, आपण अडाणी, असं मनाशी म्हणतात. मग मशीनवर रक्त धुवायचं, म्हणजे डायलिसिसचं, सांगितलं जातं. आठवड्यातून २-३ वेळा, दर वेळी ४ तास. डायलिसिस योजनेत फुकट असलं तरी एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि खानावळ कोणत्याच योजनेत फुकट नाही. आधी शेळ्या जातात, मग बैल जातो. चार-सहा महिन्यांनी घरचे पेशंटला परत घेऊन येतात आणि ओसरीवर टाकतात.

या वाक्याला आमची हरकत आहे. उशीर झाला हे खरं, पण तो कोणी केला?

हा माणूस त्याआधीची दहा वर्षं काय दवाखान्याच्या दारात गेलाच नव्हता? दर साली ऊस तोडून आल्यावर कंबरेत इंजेक्शन घ्यायला गेला. ताप आला तेव्हा सलाईन लावून आला. शिबिरात त्याच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं, बोटाला सुई टोचून साखर बघितली. त्याच्या बायकोचं बाळंतपणात लघवी-रक्त तपासलं. सिकलसेलसाठी पोराचं रक्त नेलं. इतक्या वेळा यंत्रणा त्याच्या घरापर्यंत आली, तोही यंत्रणेपर्यंत गेला. पण क्रिएटिनिन नावाची रक्ताची साधी तपासणी कोणी केली नाही. कामून केली नाही, याचं उत्तर आधी द्या. उशिराची गोष्ट मग बोलू.

काही साथी म्हणतील, पट्ट्याचं काम अर्धवट पडलंय अन् या पत्रकात किडनीचं काय काढलं? जमिनीच्या लढ्यात आपण एक गोष्ट पक्की शिकलो. जे मोजलं जात नाही ते सरकारच्या लेखी नसतं. आपण तीन पिढ्या कसत होतो, पण मोजणी नव्हती, नोंद नव्हती, म्हणून आपण ‘अतिक्रमणदार’. वनहक्क कायदा २००६ साली आला तेव्हाही पुरावा जमवायला आपल्यालाच पळावं लागलं. किडनीचंही तसंच. मरणाच्या दाखल्यावर ‘अशक्तपणा’, ‘हृदयक्रिया बंद’ असं काहीबाही लिहितात. गावात पाच वर्षांत किती माणसं अंगावर सूज येऊन गेली, हे कोणत्या रजिस्टरात आहे? रजिस्टरात नाही म्हणून रोग नाही. रोग नाही म्हणून तपासणी नाही, अन् तपासणी नाही म्हणून रजिस्टरात नाही. ही गोल फिरवाफिरवी आपण तहसील कचेरीत पुष्कळ बघितली आहे.

आता हा रोग काय आहे ते नीट समजून घेऊ. बोकड कापला की आत दोन गुरदे दिसतात, ते आपण सगळ्यांनी बघितलेत. तसेच माणसाला दोन, पाठीच्या बाजूला, मुठीएवढे. एकेका गुरद्यात सुमारे दहा लाख बारीक चाळण्या असतात. दिवसभरात त्यातून साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं. त्यातलं बहुतेक शरीर परत घेतं, दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडते. किडनीचं काम एवढंच नाही. रक्त तयार करायचा निरोपही तीच देते, म्हणून किडनी गेलेला माणूस पांढराफटक पडतो. बीपी ताब्यात ठेवते, हाडाला लागणारं जीवनसत्त्व तयार करते.

या चाळण्या इतक्या जादा असतात की निम्म्या बंद पडल्या तरी माणसाला काही जाणवत नाही. दुखत नाही. कोयता चालतो, मोळी उचलली जाते. तीन हिस्से काम गेलं तरी पुष्कळांना ‘जरा थकवा येतो’ यापलीकडं काही कळत नाही. सूज, उलट्या, अंगाची खाज, भूक मरणं, दम लागणं, हे शेवटी शेवटी येतं. त्यालाही आपल्याकडं ‘पांढरी कावीळ’ म्हणून गंडा बांधतात. म्हणजे दुखलं की दवाखान्यात जाऊ, ही आपली रीत इथं उपयोगाची नाही, कारण हा रोग दुखतच नाही. तो फक्त मोजून कळतो. मोजायचं साधन कोणाकडं आहे? आपल्याकडं नाही. म्हणून म्हणतो, उशीर आपला नव्हता.

मोजणीच्या बाबतीत एक लबाडी ओळखायला शिकलं पाहिजे. दर वेळी ती मुद्दाम होते असं नाही, पण नुकसान तेवढंच होतं. क्रिएटिनिन हा मांसपेशीतून निघणारा कचरा. तो रक्तात साठला तर किडनी गाळत नाही असं समजायचं. कागदावर शेजारी छापलेलं असतं, ०.६ ते १.२ की १.३ पर्यंत ठीक. पण हा आकडा माणूस बघून वाचावा लागतो. पंचवीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या पोराचं क्रिएटिनिन १.२ आलं तर हिशेबाने त्याच्या किडनीचं काम ८५ च्या वर निघतं, म्हणजे ठीक. पंचावन्न वर्षांच्या बाईचं तेच १.२ आलं तर हिशेब साधारण ५३ वर येतो. ६० च्या खाली आकडा तीन महिने टिकला तर तो किडनीचा जुनाट रोग धरतात. कागद एकच, ‘नॉर्मल’ हा शिक्काही एकच, पण बाई आजारी आहे. आणि आपल्या बाया कशा, ३५-४० किलोच्या. अंगावर मांसच नाही तर क्रिएटिनिन वाढणार कुठून? पोट भरत नाही म्हणून रिपोर्ट चांगला येतो! हा हिशेब ज्याने निघतो त्याला ईजीएफआर म्हणतात. वय, बाई की बाप्या आणि क्रिएटिनिन, एवढ्यावर तो मोबाइलवरसुद्धा निघतो. रिपोर्टवर ईजीएफआर लिहून द्या, असं लॅबवाल्याला आणि डॉक्टरला सांगायचं. लाजायचं नाही. आणि फार वाळलेल्या माणसाचा तो आकडाही फसवा, खरं काम त्याहून कमी असू शकतं, हेही डॉक्टरच्या कानावर घालायचं.

दुसरी तपासणी लघवीची. चाळण फाटली की रक्तातलं प्रोटीन लघवीत उतरतं, लघवीला साबणासारखा फेस येतो आणि तो टिकतो. कागदी पट्टी बुडवून हे कळतं, ती पट्टी गरोदर बायांसाठी आरोग्य केंद्रात असतेच. पट्टीवर चिन्ह आलं तर लघवीतलं अल्ब्युमिन मोजायचं, ते ३० च्या वर असलं की दखल घ्यायची. तिसरी सोनोग्राफी. किडन्या आकसून बारीक झाल्या असतील तर रोग जुना समजायचा. मुतखड्याने किंवा म्हातारपणी प्रोस्टेटने वाट अडली असेल तर तेही दिसतं, आणि ती अडचण काढली तर किडनी सुधारूही शकते. एकदा आकडा बिघडला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. हगवण, ताप, उन्हाचा झटका यानेही क्रिएटिनिन चढतं आणि उतरतं. जास्त चढलेलं असेल तर मात्र लगेच मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. बाकीच्यांनी तीन महिन्यांनी परत तपासायचं, तेव्हा ‘जुनाट’ की ‘तात्पुरता’ हे ठरतं. पण तीन महिन्यांनी आपला माणूस कुठं असतो? कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात. दुसरी तपासणी होतच नाही.

इथं खरा मुद्दा येतो. शिबिरवाले म्हणतात, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर आम्ही तपासतो. चांगली गोष्ट आहे. शहरात किडनी मुख्यतः साखर आणि बीपी यांनीच जाते, आता आपल्याकडंही साखर शिरली आहे, तेव्हा ती तपासणी सोडू नका. पण ज्याची किडनी उन्हातल्या कष्टाने जाते, त्याचं बीपी पुष्कळ वर्षं बरोबर असतं, साखर बरोबर असते, लघवीत प्रोटीनही फारसं उतरत नाही. शिबिरातून तो ‘ठणठणीत’ म्हणून परत येतो. त्याला पकडायला रक्तातलं क्रिएटिनिनच लागतं.

हे आमच्या मनचं नाही. मध्य अमेरिकेत एल साल्व्हादोर, निकाराग्वा असे देश आहेत, तिथंही ऊसतोड कामगार आहेत. जवान पोरं, ना बीपी ना साखर, आणि किडन्या निकामी. २००२ साली तिथल्या डॉक्टरांनी हे छापून मांडलं. मग हंगामाच्या आधी आणि नंतर मजुरांचं रक्त तपासलं, तर एका हंगामात क्रिएटिनिन वाढलेलं सापडलं. फडात पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती दिली तेव्हा नुकसान कमी झालं. श्रीलंकेत भातशेती करणाऱ्यांत असाच रोग आहे. आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्याच्या उद्दानम भागात नारळ-काजूच्या बागांत राबणाऱ्यांत आहे. छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यातलं सुपेबेडा हे गाव तर किडनीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. आपल्या महाराष्ट्रात अकोला-अमरावती-बुलडाण्याचा खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोदकडं बोअरचं पाणी खारट, आणि घरोघरी किडनीचे पेशंट. पाणी, ऊन, औषधफवारणी, जड धातू, यातलं नेमकं कोणतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण कोणाला होतो यावर वाद नाही. जो उन्हात राबतो, मिळेल ते पाणी पितो आणि ज्याला बसायला सावली नाही, त्याला होतो.

आता आपली टोळी डोळ्यापुढं आणा. दसरा झाला की उचल घेतलेली जोडपी निघतात. पहाटे तीन-चारला फड, दिवसभर तोड, रात्री-बेरात्री गाडी भरणं. बाईला आडोसा नाही म्हणून ती पाणीच पीत नाही, लघवी दाबून धरते. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, त्याचे पैसे कापून जातात, म्हणून ताप-अंगदुखीवर गोळी टाकून कोयता चालूच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी काढल्याचा निदान पोटावर व्रण राहतो. किडनीचा व्रण दिसत नाही. तुमच्या टोळीत निघताना किंवा परतल्यावर कोणाचं क्रिएटिनिन तपासलं होतं, जरा आठवून बघा. फडातून सुटलेले काहीजण वीटभट्टीवर जातात, मे महिन्यात किनवटकडं तेंदूपत्ता. ऊन संपत नाही.

आणि माणूस फडावर कामून जातो? हौस म्हणून नाही. डोंगरउताराची चार एकर आहे, पण दावा तालुक्याला पडून आहे. पट्टा नाही म्हणून विहीर मंजूर नाही, बांधबंदिस्ती नाही, बँकेचं कर्ज नाही. एक पीक घेऊन पोट भरत नाही. तांड्यावरच्या लोकांना तर आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत धरत नाहीत, त्यांच्याकडं ७५ वर्षांचा पुरावा मागतात. मग उचल घ्यावीच लागते. पट्टा आणि किडनी हे दोन वेगळे विषय आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी या एका घरचा हिशेब मांडून बघावा.

साहेब लोकांचं आवडतं उत्तर वेगळंच असतं : ‘हे लोक दारू पितात.’ दारूने घरं बुडाली हे आपल्या बायांना कोणी सांगायला नको, दारूबंदीसाठी त्याच रस्त्यावर बसल्या. पण दारू मुख्यतः लिव्हर खाते. आणि ज्या बाईने कधी थेंब चाखला नाही तिच्या किडन्या कशाने गेल्या? पेशंटचं चारित्र्य सांगितलं की तपासणी करायची गरज उरत नाही, हा या उत्तराचा खरा उपयोग.

आपल्या बाजूच्याही दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत, त्या झाकून लढा होत नाही. पहिली, दुखण्याची गोळी आणि इंजेक्शन. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं एखाद्या वेळी घेतली तर चालतात. पण शरीरातलं पाणी आटलेलं असताना, रोज, महिनोन् महिने घेतली तर ती किडनीचा रक्तपुरवठा तोडतात. मुकादमाच्या पिशवीतली, किराणा दुकानातली पुडी, मोटारसायकलवरून येणाऱ्या डॉक्टरचं ‘ताकदीचं’ इंजेक्शन, यात काय आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका. ज्याची किडनी आधीच अधू आहे त्याला तर ही औषधं वर्ज्यच. साध्या तापाला पॅरासिटामॉल त्यामानाने बरं.

दुसरी आपली जडीबुटी. जंगलाचं ज्ञान आपलं आहे, त्याची टिंगल आम्ही कोणाला करू देणार नाही. पण सापसंद म्हणतात त्या वेलीच्या कुळात असा विषारी अंश असतो की तो पोटात गेला तर किडनी कायमची आकसते, पुढं मूत्रमार्गाचा कॅन्सरही होतो. जगभर हे सिद्ध झालेलं आहे आणि बऱ्याच देशांनी या कुळातली औषधं बंद केली. सापाच्या विषावर म्हणून ही मुळी उगाळून पाजतात. घोणस चावली तर तिचं विष आधीच किडनीवर जातं, त्यात वरून ही मुळी. घोणसला एकच उतारा, दवाखान्यातली सर्पविषाची लस, आणि तीही लवकर. जगलेल्या माणसाचं तीन महिन्यांनी क्रिएटिनिन तपासायला विसरू नका. आपल्या भगत-वैदूंना बोलावून ही गोष्ट सांगा. मान राखून सांगितलं तर ते ऐकतात. सिकलसेलचं कार्ड असलेल्या घरांनीही ध्यानात ठेवावं. सिकलसेल आजारात किडनीच्या चाळण्या लहानपणापासून झिजतात, त्यांची लघवी दर साली तपासली पाहिजे.

लवकर सापडलं तर काय फायदा, मरायचं ते मरायचंच, असंही काहीजण म्हणतात. तसं नाही. आकडा पन्नासवर असताना सापडला तर दुखण्याच्या गोळ्या बंद, मीठ कमी, बीपी १३०-८० च्या आसपास, साखर ताब्यात, आणि टेल्मिसार्टन, एनालाप्रिलसारखं किडनी जपणारं औषध डॉक्टरच्या सल्ल्याने. ही औषधं महागडी नाहीत. रोगाची चाल मंदावते, पुष्कळांना डायलिसिसची पाळीच येत नाही. आकडा पंधराच्या खाली गेल्यावर सापडला की उरतं मशीन नाहीतर किडनी बदलणं. पहिल्याचा खर्च महिन्याला काही रुपये, दुसऱ्याचा अख्खं घर. सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम काढला, फुले योजनेतही डायलिसिस आहे. ते हवंच, कोणी काढून घेऊ नये. पण मशीनला पैसा आहे आणि वाडीवर रक्ताच्या बाटलीला नाही, हा कुठला हिशेब? घर जळल्यावर टँकर पाठवायचा आणि त्याच्यासोबत फोटो काढायचा, तसं हे झालं.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या दवाखान्यांतल्या तपासण्या आणि उपचार निःशुल्क केले आहेत. आरोग्य केंद्रात रक्त घेऊन बाहेरच्या लॅबला पाठवायची सोयही आहे. म्हणजे ‘इथं होत नाही, बाहेरून करून आण’ हे उत्तर चालायचं नाही. तसं कोणी म्हटलं तर चिठ्ठीवर लिहून मागा. लिहून मागितलं की पुष्कळ ठिकाणी सोय निघते, हा आपला कचेरीतला अनुभव इथंही कामाला येईल.

उद्दानमच्या लोकांनी वर्षानुवर्षं ओरड केली तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये पलासाला २०० खाटांचं किडनी रुग्णालय उभं राहिलं आणि लांबच्या धरणातून नळाचं पाणी आलं. आपण एवढं मोठं काही मागत नाही. ग्रामसभेत ठराव घ्या की टोळी निघायच्या आधी आणि परतल्यावर अठरा वर्षांवरच्या प्रत्येक ऊसतोड, वीटभट्टी आणि तेंदू मजुराचं क्रिएटिनिन आणि लघवी तपासावी, ईजीएफआर काढून कागद ज्याचा त्याच्या हातात द्यावा, नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरात ठेवावी. बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्याचा तपासणी-अहवाल गावात लावावा. मुकादम आणि कारखान्याने फडात पिण्याचं पाणी, सावली आणि बायांना आडोसा द्यावा, हे उचलीच्या कागदावर लिहून घ्यावं. उपकेंद्राला जागा नाही म्हणत असतील तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) पुढं करा. दवाखान्यासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत एवढी अट. किनवट-माहूरच्या ज्या गावांना पेसा लागू आहे तिथं अबंध निधीतला पैसा आरोग्यावर खर्च करता येतो, तो गटारावर आणि कमानीवर जाऊ देऊ नका. जळकोट तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही, तिथं पेसाचा पैसा नाही, पण वनहक्क कायदा आणि ग्रामसभा दोन्ही आहेत.

गावची यादी मात्र आपणच करायची. गेल्या दहा वर्षांत कोण सूज येऊन गेलं, वय काय, किती हंगाम फडावर होता, पाणी कुठलं पीत होता. शाळकरी पोरं हे काम वहीत चार दिवसांत करतील. ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्यायचा आहे. टोळ्या दसऱ्यानंतर लगेच निघतात आणि रक्ताचा रिपोर्ट यायला दोन-चार दिवस लागतात, तेव्हा आरोग्य केंद्राला तारखेचं पत्र सप्टेंबरमध्येच द्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.